मदत हवी आहे : 'घर घेतलं असतं'चं स्पॅनिश नक्की काय?

मंडळी, कोथरूडला राहते, ऑफिस सुटल्यावर स्पॅनिशच्या क्लासला जाते. बी१ (मधली पातळी) चालू आहे आणि कंडिशनलवर, म्हणजे 'केलं असतं' सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपांवर, गाडी अडली आहे.

रूपं पाठ आहेत. वर्तमानकाळात शेवटचं आर, एर, ईर काढावं लागतं. इथे नियमित क्रियापद अख्खं ठेवून मागे ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन. तिन्ही गटांना तेच. कोंप्रार (विकत घेणे) चं कोंप्रारीआ, कोमेर (खाणे) चं कोमेरीआ. फक्त बोलताना मधला 'एर' गिळला की कोमीआ होतं, म्हणजे "मी खायचे"!

गृहपाठात होतं : "पैसे असते तर घर घेतलं असतं." आधी लिहिलं 'सी तेंद्रीआ' (सी म्हणजे जर, आणि त्यापुढेही कंडिशनलच), ते चूक, कबूल. मराठीत दोन्हीकडे 'असतं' म्हणून हात तसाच वळला. सुधारून लिहिलं : सी तुबिएरा दिनेरो, कोंप्रारीआ उना कासा. त्यावर सरांचा लाल पेनने एकच शब्द : "केव्हा?" आता केव्हा म्हणजे काय? असते तर असते!

प्रतिसाद १ :
सरांचं बरोबर आहे हो. आत्ता पैसे असते तर आत्ता घेतलं असतं, हे तुमचं वाक्य. पण २०१० साली असते तर तेव्हाच घेतलं असतं, हे झालं : सी उबिएरा तेनीदो दिनेरो, आब्रीआ कोंप्रादो. मराठी दोन्ही एकाच 'असतं'वर भागवते, स्पॅनिश नाही. भाषांतराआधी वाक्यात 'आत्ता' किंवा 'तेव्हा' घालून बघा.
उलटंही होतं. "तो म्हणाला, फोन करेन" यात आपला साधा भविष्यकाळ, त्यांचं मात्र कंडिशनल : दीखो के यामारीआ.

प्रतिसाद २ :
आणि स्पेनला गेलात तर कॉफी मागताना 'किएरो' (मला हवीय) नको, 'केरीआ' किंवा 'मे गुस्तारीआ'. आपलं "जरा मिळेल का" तसं. (पुण्यात दोन्हीचा उपयोग नाही, १ ते ४ दुकान बंद.)

धागाकर्ती :
आत्ता-तेव्हा घालून वही तपासली, नऊपैकी चार वाक्यांत घोळ! अजून एक : "मी गेले असते" आणि "तो गेला असता" दोन्हींना इरीआच. नुसतं इरीआ लिहिलं तर कोण ते कळणार कसं?

प्रतिसाद १ :
मागच्यापुढच्या वाक्यांवरून. नाहीच कळलं तर पुढे 'यो' किंवा 'एल' लावा. एरवी गाळतात, इथे खुशाल लिहा.