परम्युटेशन सिटी वाचून झाली, पण मारियाच्या आईपाशी अडकलेय

कोथरूडची वाचक

नमस्कार मंडळी. ग्रेग इगनची परम्युटेशन सिटी काल रात्री अडीचला संपवली आणि मग झोप काही आली नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, १९९४ची कादंबरी, लेखक ऑस्ट्रेलियन, गोष्ट एकविसाव्या शतकाच्या मध्यावरची. माणसाला स्कॅन करून त्याची कॉपी कॉम्प्युटरमध्ये चालवता येते, तिला त्याच्या सगळ्या आठवणी, राहायला व्हर्च्युअल घर, खाल्लं की चव पण लागते. पैसेवाले लोक मेल्यानंतरही आपला धंदा सांभाळतायत.

त्यात मारिया नावाची प्रोग्रॅमर आहे, हाताला धड काम नाही, आईला कॅन्सर. आईच्या स्कॅनचे पैसे जमावेत म्हणून ती डरहम नावाच्या माणसाचं एक विचित्र काम घेते. आणि आईला, फ्रान्चेस्काला, स्कॅन नकोच आहे!

माझे बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. फोनमध्ये त्यांचे एकोणीस व्हॉइस मेसेज आहेत. एकात म्हणतात, "अगं निघालीस का, पाऊस आहे, चांदणी चौकात अडकशील." तो मी अजूनही ऐकते. त्यामुळे असेल, पण मला त्या आईचा रागच आला. पोरगी जिवाचं रान करतेय आणि तू नको म्हणतेस? तुम्हाला तिचा नकार पटला का, ते सांगा. आणि दुसरं म्हणजे ती डस्ट थिअरी कुणीतरी साध्या मराठीत समजावा, मी तीनदा वाचलं, तरी हातातून निसटतं. शेवट मात्र कुणी फोडू नका, आमच्या वाचनगटात अजून दोघांची व्हायचीय.

हिंजवडी रात्रपाळी

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो कारण माझा जीव त्यातच अडकलाय. सुरुवातीला डरहम कॉपीवर प्रयोग करतो ते आठवा. कॉपी एक ते दहा आकडे म्हणते, आणि बाहेर कॉम्प्युटर तिचे ते क्षण तुकडे तुकडे करून, उलटसुलट क्रमाने काढतो. कॉपीला काही कळतच नाही, तिच्यासाठी एकानंतर दोन आणि दोनानंतर तीनच येतात. मालिकेचं शूटिंग जसं होतं ना, लग्नाचा सीन सोमवारी आणि पहिली भेट गुरुवारी, पण गोष्टीतल्या मुलीसाठी भेट आधीच झालेली असते, तसंच.

आता इथून पुढे इगन जी उडी मारतो तिने मी हादरलो. मालिकेला निदान एडिटर लागतो, तो तुकडे जोडतो. डरहम म्हणतो एडिटरची पण गरज नाही. विश्वात धुळीसारखे विखुरलेले क्षण आहेत, त्यातलेच काही क्षण मिळून एक मन होतं, आणि ते मन स्वतःला आतूनच ओवून घेतं, दोरा बाहेरून कुणी घालायला नको. हे खरं मानलं तर कॉम्प्युटर बंद केला तरी कॉपी चालूच राहील. मला हे पटत नाही, कारण मग सुसंगत जगच का दिसतं, प्रत्येक पुढच्या क्षणाला सगळा गोंधळ का नाही होत, याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही. पण पटत नसूनही चार दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि पियर! ती पुस्तकातली आणखी एक कॉपी, जो स्वतःच्याच आवडीनिवडी बदलून घेतो आणि लेथवर टेबलाचे लाकडी पाय कातत बसतो, वर्षानुवर्षं, पूर्ण आनंदात. अमर झाल्यावर वेळेचं करायचं काय, याचं इतकं भयानक उत्तर मी कुठे वाचलं नव्हतं.

मेंदूवाला

मी मेंदूच्याच विषयात पीएचडी करतोय म्हणून अशी कॉपी करण्यात प्रत्यक्षात आपण कुठे आहोत ते लिहितो. एक मिलिमीटर लांबीचा एक कृमी आहे, त्याला फक्त ३०२ न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ सालीच छापून आला, तरी तो कृमी कॉम्प्युटरवर हुबेहूब जगवणं अजून जमलेलं नाही. कारण नकाशा सांगतो कोण कुणाला जोडलंय, पण कुठली जोडणी किती घट्ट, कुठलं रसायन कधी पाझरतं, हे त्यात नसतं. २०२४मध्ये फळमाशीच्या पूर्ण मेंदूचा नकाशा आला, साधारण १ लाख ३९ हजार न्यूरॉन, फार मोठं काम आहे ते. माणसाचे सुमारे ८,६०० कोटी.

इगनने एक गोष्ट मात्र फार प्रामाणिकपणे लिहिलीय. त्याच्या कॉपीज कितीही पैसा ओतला तरी खऱ्या काळाच्या सतरापट हळूच चालतात. ताई, तुमच्या बाबांचं ते वाक्य पाच सेकंदांचं असेल तर ते यायला जवळजवळ दीड मिनिट लागेल. आणि ज्यांच्याकडे पैसे कमी ते आणखी हळू, कारण कॉम्प्युटिंग बाजारात विकत घ्यावं लागतं, भाव चढला की गरीब कॉपी मागे पडणार. म्हणजे मेल्यावरसुद्धा भाडं भरायचंच.

नीलाकाकू

अगं, तुझं वाचून डोळे भरून आले. मी फ्रान्चेस्काच्याच वयाच्या आसपासची, म्हणून तिच्या बाजूने सांगते. तो स्कॅन झाला तरी ती मरणारच होती गं. वेदना तिलाच, शेवटचा श्वास तिचाच, नंतर जी जागी होईल ती दुसरी कुणीतरी, तिच्या आठवणी घेऊन. मारियाला आई मिळाली असती, आईला काहीच नसतं मिळालं. आणि आपल्याकडे अमरपणाची गोष्ट लहानपणी काय ऐकतो आपण? अश्वत्थामा. कपाळावरची जखम घेऊन तेल मागत फिरतो. माझी आजी ती सांगताना आवाज खाली आणायची. चिरंजीव हा आशीर्वाद, पण त्याच्या बाबतीत तो शापच होता.

तरी मारियावर माझा राग नाही. मुलांना नाही सोडवत. तू ते मेसेज जपून ठेव, आणि फोन बदलशील तेव्हा आधी दुसरीकडे काढून ठेव बाई.

कोथरूडची वाचक

काकू, आजच काढून ठेवते. दादा, मालिकेच्या उदाहरणाने पहिल्यांदा काहीतरी लागलं हाताला.

पियरचं वाचताना मला बाबाच दिसत होते. रिटायर झाल्यावर जुने रेडिओ दुरुस्त करायचे, जुन्या बाजारातून पार्ट आणायचे, तासन्‌तास सोल्डरिंग. पण पियरसारखं बटण दाबून ती आवड लावून घेतली नव्हती त्यांनी, ती आजोबांच्या बंद पडलेल्या मर्फीपासून लागली होती. कॉपीला ती आवड असेल, हातावरचा भाजल्याचा डाग पण असेल. माहीत नाही मला, अजून पूर्ण नाही पटलंय काकू.

आज चहा घेताना आईला सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं, बाबांची अशी कॉपी असती तर? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना विचारलं होतंस का कधी?" नव्हतं विचारलं.