मालदीव : फोटोंपलीकडचा कांदा
मालदीवचे अध्यक्ष मुइझ्झू 'इंडिया आउट' (भारतीय सैनिक परत जा) म्हणत निवडून आल्यावर दिल्लीने मालदीवला मोदींच्या लक्षद्वीप भेटीच्या फोटोंनीच उत्तर दिलं, असा अनेकांचा सूर दिसतो. नाही पटत. आपले सैनिक तिथून परतत होते त्याच सुमारास, एप्रिल 2024 मध्ये, भारताने मालदीवला वर्षभरासाठी 35 हजार टनांवर कांदा, 42 कोटींवर अंडी, शिवाय तांदूळ, साखर मंजूर केली. 1981 च्या व्यापार करारापासूनचा सगळ्यात मोठा निर्यात कोटा!

आमच्या साक्रीकडे (धुळे जिल्हा) हे चांगलंच लक्षात आहे, कारण 8 डिसेंबर 2023 पासून कांदा निर्यात बंद होती. पिंपळनेरच्या लिलावात व्यापारी ढिगातला एखादा कांदा दाबून बघायचा, भाव पुकारायचा आणि काका न बोलता ट्रॅक्टर कांदा साठवायच्या चाळीकडे वळवायचे. (चाळीत तरी किती टिकणार म्हणा.) चीन टपून बसलाय, शेजारी सांभाळायलाच हवा, मान्य. पण 4 मे रोजी आमची बंदी उठली ती टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखाली निर्यात नाही) आणि 40 टक्के शुल्क लावून. मालदीवच्या कोट्याला मात्र पुढच्या निर्बंधांतूनही आधीच सूट दिलेली होती.