ज्यू-अरब वैर ‘हजारो वर्षांचं’ म्हणे!

शर्वरी: खवचट_काका काल लिहून गेले, “इसहाक आणि इस्माईलपासूनची ही भाऊबंदकी आहे, तिला इलाज नाही.” (अब्राहमचे दोन मुलगे: इसहाक ज्यूंचा पूर्वज, इस्माईल अरबांचा, असं मानतात.) डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा.

हे भांडण सातबाऱ्यावरचं आहे. पॅलेस्टाईनवर तेव्हा ऑटोमन तुर्कांचं राज्य होतं. १८५८ च्या कायद्याने त्या सरकारने जमिनी नोंदवायला सांगितल्या. कराच्या आणि लष्करभरतीच्या धास्तीने अनेक शेतकऱ्यांनी नाव लावलंच नाही, जमिनी चढल्या शहरी शेठलोकांच्या नावावर. पुढे बैरुतच्या सुरसुक घराण्याने पॅलेस्टाईनमधल्या मर्ज इब्न आमिरच्या खोऱ्यातली जमीन ज्यू संस्थांना विकली आणि कसणारी कुळं उठली. विकणारे ज्यू नव्हते, हेही ध्यानात ठेवा.

खवचट_काका: म्हणजे त्याआधी गुण्यागोविंदाने नांदत होते? मग तो ज्यू व्यापारी डेव्हिड ससून बगदाद सोडून मुंबईला कशाला आला? हवा बदलायला?

शर्वरी: त्याला छळणारा बगदादचा सुभेदार दाऊद पाशा जॉर्जियातून आलेला मामलुक, म्हणजे गुलाम म्हणून आणून वाढवलेला अंमलदार होता. अरब नव्हे. पुढचा मुद्दा?

खवचट_काका: स्पेनमधल्या मुस्लिम ग्रॅनडात १०६६ साली ज्यूंची कत्तल झाली. आता म्हणाल, तिथे उत्तर आफ्रिकेतल्या बर्बरांचं राज्य होतं, अरबांचं नव्हे!

शर्वरी: होतंच. ज्यूंना दुय्यम दर्जा होता, जिझिया होता, हे नाकारतंय कोण? पण एकाच भूमीवर दोन राष्ट्रांचा दावा तेव्हा नव्हता. १८८१ नंतर रशियात ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि ज्यू पॅलेस्टाईनला येऊ लागले, तिथून पुढची ही गोष्ट.

रेवदंडेकर: ससून ससून काय लावलंय? आमच्या आजीच्या शेजारी शनिवार तेल्यांचं, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचं घर होतं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या कुणी त्यांच्या वाटेला गेलं नाही. इस्रायलला गेल्यावर मात्र रब्बी (ज्यू धर्मगुरू) लग्नासाठी वंशावळ विचारायला लागले! बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत हे सरकारने जाहीर करायला १९६४ उजाडलं.

खवचट_काका: धागा अरबांचा आहे, तुमच्या आजीच्या आळीचा नाही.

रेवदंडेकर: तुमचा ससून चालतो, आमचे तेली चालत नाहीत! ते बगदादी शेठही यांना कमीच लेखायचे. अफूचा पैसा दुसरं काय करणार.

शर्वरी: अहो, विषय काय, चाललंय काय!

हायफाकर: माझ्या नवऱ्याची आजी बगदादची. १९४१ च्या फरहूदमध्ये, म्हणजे बगदादच्या ज्यूविरोधी दंगलीत, शेजारच्या मुसलमान बाईंनी तिला लपवलं. दहा वर्षांनी देश सोडावा लागला, इथे इस्रायलला येऊन तंबूत राहिली. ती दोन्ही सरकारांना सारख्याच शिव्या घालायची.

आडगावचा_शहाणा: इंग्रज मोकाट सुटले वाटतं? त्यांच्या मॅकमहनने मक्केच्या शरीफ हुसेनला अरब राज्याची आशा लावली, १९१६ ला फ्रेंचांशी त्या मुलखाची गुपचूप वाटणी केली, १९१७ ला परराष्ट्रमंत्री बाल्फोरने ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये घर देण्याचा शब्द दिला.

खवचट_काका: इंग्रज आलेच! ताई, १९२९ ला पॅलेस्टाईनमधल्या हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे, नाहीतर पोथ्या शिकायला आलेले. कुणाची कुळं उठवली होती त्यांनी? ठिणगी पडली जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीवरून, ज्यूंच्या पवित्र जागेवरून, शेताच्या बांधावरून नाही.

शर्वरी: तिथल्याच काही अरब कुटुंबांनी कितीतरी ज्यूंना घरात लपवलं, ते सोयीस्कर गाळलंत. पण भिंतीवरून पेटलं, हे खरं. घ्या, इसहाकला अर्धा गुण.

खवचट_काका: अर्धा? पेशव्यांच्या दक्षिणेतही यापेक्षा जास्त मिळायचं.

रेवदंडेकर: शनिवार तेल्यांचा वेगळा धागा काढलाय. काकांनी तिकडे फिरकू नये.