केमोनंतर आईला आठवत नाही, कुणाला दाखवावं?

आईचं वय ५४, स्तनाचा कॅन्सर. एसी आणि पॅक्लिटॅक्सेल या औषधांची केमो गेल्या वर्षी संपली, आता लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी चालू आहे. बोलता बोलता शब्द अडतो, झाऱ्याला ‘ते तळायचं’ म्हणते. दुकानाचा हिशेब तोंडी करणारी बाई, आता वही घेऊनही चुकते आणि रडते. बघवत नाही.

थायरॉइड, बी१२, हिमोग्लोबिन नॉर्मल. झोप बरी, झोपेची गोळी नाही. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात, केमोनंतर होतं असं, हळूहळू सुधारेल. लेट्रोझोल मनाने बंद करणार नाही, तो सल्ला कृपया नको.

आम्ही साताऱ्याला असतो, पुण्यापर्यंत येऊ शकतो. स्मरणशक्तीची नीट तपासणी मराठीतून करून घ्यायला न्यूरॉलॉजिस्ट गाठावा की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट? आणि ज्यांना हा त्रास झाला, त्यांना नेमका कशाने फरक पडला?