गणिताची पुस्तकं लाटेकमध्ये लावावीत की इनडिझाइनमध्येच?

भवरकुआंवाला: इंदुरात क्लासवाल्यांची कामं करणाऱ्या मंडळींना विचारतोय. मॅथटाइप या समीकरणांच्या सॉफ्टवेअरमध्ये समीकरण करायचं, त्याची ईपीएस फाइल काढायची आणि इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन डकवायची, हा उद्योग अजून किती वर्षं चालवायचा? माझं मत सरळ आहे, गणित-भौतिकीची पुस्तकं लाटेकमध्ये लावा, म्हणजे आज्ञा टाइप केल्या की पानं आपोआप लावणाऱ्या प्रणालीत. ईपीएस म्हणजे शेवटी चित्रच. सर म्हणाले, "टाइप ११चा १० करा", की मजकूर लहान होतो आणि समीकरणं तशीच थोराड राहतात. ओळीतला अपूर्णांक वर चढून बसतो, तो एकेक करून हाताने खाली ओढा. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथने स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं बघून वैतागून लाटेकचा पाया असलेलं टेक लिहिलं, १९७८ साली. आपण अजून माउसच घासतोय.

खजुरी बाजार: दादा, लाटेक लिहिणार कोण? आमचा ऑपरेटर क्रुतिदेवमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी बसवलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, कीबोर्डकडे न बघता टाइप करतो. त्याला बॅकस्लॅश-फ्रॅक ही अपूर्णांकाची आज्ञा शिकवेपर्यंत परीक्षा उरकलेली असेल. रात्री नऊला सरांचा हस्तलिखित पेपर व्हॉट्सॲपवर येतो, सकाळी सातला वर्गात वाटायचा असतो. आणि क्लासचं पान कसं असतं? दोन कॉलम, रंगीत चौकटी, 'ट्रिक'चा पिवळा गोळा, कोपऱ्यात सरांचा फोटो. लाटेकमध्ये तर आकृती पळून पुढच्या पानावर जाते. सरांना ती प्रश्नाखालीच हवी असते.

भवरकुआंवाला: ती पळते कारण तुम्ही तिला फ्लोटमध्ये, म्हणजे जागा लाटेकनेच ठरवायच्या चौकटीत, टाकता. फ्लोट काढा, लिहाल तिथेच बसेल. पिवळ्या गोळ्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, तो मलाही आवडत नाही.

प्रुफवाली मावशी: क्रुतिदेवचा विषय निघालाच आहे तर ऐका. घाईत साधं समीकरण हाताने टाइप करतात, मग अख्खा परिच्छेद निवडून फॉन्ट बदलतात. एक्सचा होतो 'ग', वायचा 'ल' आणि बरोबरच्या चिन्हाचा चक्क 'त्र'! अधिकचं चिन्ह नुक्ता होऊन लटकतं. असली पानं मी लाल पेनाने भरलीत. उणेच्या जागी हायफन तर इतका रुळलाय की आता सरांनाही खटकत नाही. यात दोष इनडिझाइनचा नाही, मॅथटाइपचाही नाही. आधी युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीवर या, मग खुशाल भांडा. झीटेक हे टेकचं नवं रूप युनिकोड देवनागरी नीट लावतं आणि इनडिझाइनमध्येही योग्य कंपोझर, म्हणजे ओळी जुळवणारी सोय, निवडला की जोडाक्षरं तुटत नाहीत.

राजवाडा_ग्राफिक्स: दोघंही जुन्या वादात अडकलाय. इनडिझाइनच्या २०२५च्या आवृत्तीत मॅथएमएलची, म्हणजे समीकरणं मजकुरासारखी लिहायच्या भाषेची, सोय आली आहे. समीकरण तिथेच करा, तिथेच बदला. मॅथटाइपही मॅथएमएल देतं, तेव्हा ऑपरेटरला नवं काही शिकवावं लागणार नाही.

भवरकुआंवाला: सोय चांगली आहे, पण माझा मुद्दा राहतोच. दरवर्षी त्याच प्रश्नपेढीतून नवे पेपर निघतात. लाटेकची फाइल साधा मजकूर असते. एका आज्ञेत सगळ्या पुस्तकभर सदिशांची चिन्हं ठळक होतात, प्रश्न उचलून दुसऱ्या पेपरात टाकला तरी आकडे आपोआप बदलतात. इनडिझाइनमध्ये हे सगळं एकेका डब्यात जाऊन करायचं.

खजुरी बाजार: आणि सरांनी छापायला जायच्या तासभर आधी "हा प्रश्न काढा, तिथे माझी जाहिरात टाका" म्हटलं की? मी डबा उचलतो, जाहिरात ठेवतो, झालं. राजवाडावाले, आमच्याकडे इनडिझाइनची जुनी सीएस६ आवृत्ती आहे, एकदाच पैसे भरलेले. नव्या आवृत्तीचं भाडं दर महिन्याला कोण भरणार, सर?