आंजर्ले खाडीचं तोंड: नुसता उपसा की बंधारेसुद्धा?

हर्णैवाला: दापोलीकडचं हर्णै बंदर उघडं, लाटांना आडोसा नाही. वादळाची बातमी आली की होड्या आंजर्ले खाडीत शिरतात. पण जोग नदी समुद्राला मिळते तिथंच वाळूचा पट्टा. उधाणाच्या भरतीला होडी निभावते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सगळ्यात कमी भरतीला, पाणी चढतच नाही. तळ टेकतो, मागून लाट आली की होडी आडवी. गाळ उपसा, तोंडाशी दोन्हीकडे दगडी बंधारे घाला, विषय संपला.

पुळणकर: बंधारे घातले की विषय सुरू होईल! पावसाळ्यात पूर तोंड धुऊन काढतो. नंतर नदीचा जोर ओसरला की लाटा किनाऱ्याकडेने वाळू परत लोटतात. ती वाट अडवली की एका अंगाला वाळू साचते, दुसऱ्या अंगाचा किनारा खचतो. आंजर्ल्याच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एका घरट्यात शंभरच्या वर अंडी, पिल्लं निघायला साधारण पन्नास दिवस. पुळण गेली तर कुठं घालणार?

हर्णैवाला: कासवं बघायला येणारा पर्यटक हर्णैच्या लिलावातलीच सुरमई खातो. तीही होडीतूनच येते.

अडखळचा (खाडीकाठच्या गावचा): खाडीच्या आतल्या तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, कोणी बोलत नाही. गाळ तीच धरतात. थोडी काढा, पात्र मोकळं होईल.

पुळणकर: तिवरं धरतात तो चिखल, तोंडावर आहे ती वाळू. दोन वेगळ्या गोष्टी. शिवाय २०१८च्या हायकोर्टाच्या निकालानंतर तिवर तोडणं सोडाच, भोवतीच्या ५० मीटरमध्ये भरावही टाकता येत नाही. भरतीला खाडीच्या पोटात जेवढं पाणी मावतं तेवढंच ओहोटीला जोराने बाहेर पडतं, त्या जोरावर तोंड उघडं राहतं. काठाने भराव टाकून, बांध घालून भरतीचं पाणी अडवून पोट लहान करायचं आणि वर तोंड मिटलं म्हणून ओरडायचं?

अडखळचा: चिखल धरून तिवरंही पसरतात. पोट त्यांनीही लहान होतंच की.

पुळणकर: होतं, पण सावकाश. डंपरसारखं एका रात्रीत नाही.

हर्णैवाला: ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, पाणी तरी चढलेलं. तेच अष्टमीला आलं असतं तर? तेव्हा होडीतल्या खलाशाला पोटाचं गणित सांगणार का?

पुळणकर: म्हणून तर उपशाला मी नाही म्हटलेलं नाही. दर दिवाळीनंतर उपसा, वाळू त्याच पुळणीवर टाका. बंधारे नकोत.

हर्णैवाला: दरवर्षीचे पैसे कोण देणार ते आधी सांगा.