बायोटेक प्लांटला लागणारे टेक्निशियन सातारा-सांगलीत का तयार होऊ नयेत?

कोयनाकाठ
चुलतभावाचा पोरगा मागच्या वर्षी बी.एस्सी. मायक्रो झाला, कराडातनंच, ६८ टक्के. सध्या एका गोडाऊनमध्ये खोकी मोजतोय. आणि गेल्या महिन्यात पुण्यात एक ओळखीचे गृहस्थ भेटले, बायोटेक कंपनीत प्रॉडक्शनला आहेत, ते म्हणाले माणसंच मिळत नाहीत ओ, इंटरव्ह्यूला चाळीस येतात त्यातले दोन कामाचे निघतात. म्हणजे इकडं पोरं रिकामी, तिकडं जागा रिकामी, मधे नुसता हायवे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बायोटेकचं औषध म्हणजे पावडर मिसळून गोळी दाबली असं नसतं. जिवंत पेशी नाहीतर यीस्ट टाकीत वाढवायचं, ते आपल्याला पाहिजे ते प्रोटीन तयार करतं, मग ते गाळून, शुद्ध करून बाटलीत भरायचं. इन्सुलिन, हेपेटायटिस बीची लस, कॅन्सरची अँटिबॉडी सगळं असंच होतं. यात शास्त्रज्ञ थोडे लागतात, टाकी धुणारा, फिल्टर लावणारा, दर तासाला रीडिंग घेणारा माणूस जास्त लागतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्य आहे, तंबाखूवर जगलेलं, आपल्या निपाणीसारखं समजा. १९९८ ला तंबाखू कंपन्यांनी राज्यांना भरपाई द्यायचं कबूल केलं त्यातला वाटा यांनी गोल्डन लीफ नावाच्या फाउंडेशनमध्ये ठेवला आणि त्याच पैशातनं बायोटेकचं ट्रेनिंग उभं केलं. २००७ ला युनिव्हर्सिटीत बीटेक (BTEC, आपली बी.टेक. डिग्री नव्हे) नावाचा अख्खा शिकाऊ प्लांट सुरू केला. शिवाय गावोगावच्या कम्युनिटी कॉलेजात बायोवर्क नावाचा कोर्स आहे, बारावीएवढं शिकलेल्यालाही घेतात, सव्वाशे-एक तासांचा, काय शिकवायचं ते कंपन्यांना विचारून ठरतं. आपल्याकडं कॉलेज आहेत, पोरं आहेत, पुणं जवळ आहे. सहा महिन्यांचा कोर्स, निम्मा कॉलेजात निम्मा प्लांटमध्ये, का होऊ नये? कमवा आणि शिका ज्या जिल्ह्यात रुजलं तिथं हे मी सांगायला लागावं का?

सडेतोड_सांगलीकर
आली परत कॉलेज-कंपनी भागीदारी. ऐकायला गोड असतं हे. मी स्वतः कुपवाडला एका कारखान्यात वर्षभर ॲप्रेंटिस होतो, नाव घेत नाही. पहिला महिना झाडलोट, दुसऱ्यापासनं पर्मनंट माणसाचं काम माझ्याकडं आणि तो चहाला. वर्ष संपलं, सर्टिफिकेट हातात, सोमवारी माझ्या जागेवर नवीन पोरगं. कायदा वाचा एकदा. १९६१ चा ॲप्रेंटिस ॲक्ट, कलम १८, शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही म्हणजे कामगार कायदे त्याला लागू नाहीत. कलम २२, शिकवून झाल्यावर नोकरी द्यायचं सरसकट बंधन मालकावर नाही, २०१४ च्या दुरुस्तीपासनं घ्यायचं धोरण त्याचं तोच ठरवतो. २०१९ च्या दुरुस्तीत किमान स्टायपेंड शिक्षणाप्रमाणं महिना ५ ते ९ हजार. आता हडपसरला कॉट बेसिसवर राहून, मेस लावून त्यात काय उरतं ते तुम्हीच सांगा. आणि तुमच्या त्या राज्यात प्लांट कॉलेजच्या आसपास आहेत, साताऱ्यात कुठला अँटिबॉडीचा प्लांट आहे?

कोयनाकाठ
साताऱ्यात नाही म्हणूनच निम्मा कोर्स पुण्यात म्हणतोय ना दादा. सीरम १९६६ पासनं आहे तिथं, हिंजवडीतपण बायोटेकवाले आहेत. बाकी २२ कलमाचं तुमचं बरोबर आहे. पण त्याच कलमात असंपण आहे की करारात लिहून घेतलं असेल तर नोकरी द्यावी लागते. मग घ्यावं की लिहून.

सडेतोड_सांगलीकर
कोण लिहून देतंय, तुमचे ते गृहस्थ?

शिफ्ट_सी
मी वाळवा तालुक्यातला, १४ वर्षं पुण्याकडं एका बायोटेक प्लांटमध्ये, आधी अपस्ट्रीमला म्हणजे पेशी वाढवायला, आता डाउनस्ट्रीम म्हणजे गाळून शुद्ध करायला. दोघांचंही वाचलं. माणसं मिळत नाहीत हे खरंय पण का मिळत नाहीत ते कुणी बोलत नाही. फर्मेंटर, म्हणजे ती वाढवायची टाकी, चालवता येत नाही म्हणून नाही, तो आम्ही तीन आठवड्यांत शिकवतो. खरी अडचण आहे जर्नल.

हसू नका. आपल्या पोरांनी बी.एस्सी.ची तीन वर्षं काय केलेलं असतं? सबमिशनच्या आदल्या रात्री सिनियरचं जर्नल आणून उतरवलेलं असतं. रीडिंग आधी ठरलेलं, आलेख सरळ आला पाहिजे म्हणून दोन आकडे इकडंतिकडं, चुकलं तर व्हाइटनर, वरनं सरांची सही. मीपण केलंय, खोटं कशाला बोलू. आता हाच पोरगा प्लांटमध्ये येतो आणि त्याच्या हातात बीएमआर देतात, बॅच मॅन्युफॅक्चरिंग रेकॉर्ड, शे-दीडशे पानं, प्रत्येक पायरीला वेळ, आकडा, करणाऱ्याची सही, बघणाऱ्याची सही. आमच्याकडं एक एम.एस्सी. मुलगा आला, हुशार, प्रोटीनबद्दल माझ्यापेक्षा चौपट माहिती. पहाटे तीनच्या रीडिंगला पीएच ७.०८ लिहिला, मग लक्षात आलं ७.०३ आहे, त्यानं ८ वरच ३ गिरवला. बस एवढंच. नियम असा की चुकीवर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. गिरवला म्हणजे क्यूएला, गुणवत्ता तपासणाऱ्यांना, प्रश्न पडणार, खाली काय होतं आणि का लपवलं? डिव्हिएशन निघालं, म्हणजे नियम मोडल्याची लेखी नोंद. चौकशीत बाकीची पानं बघितली तर पावणेचार वाजता चारचं आणि पाचचं रीडिंग भरून मोकळा. बॅच अडकली. पोरगा रडकुंडीला आला, म्हणे सर कॉलेजात असंच करायचो.

आमच्यात एक म्हण आहे, लिहिलं नाही ते केलं नाही. आणि न करता लिहिलं तर त्याला आम्ही चूक म्हणत नाही, फसवणूक म्हणतो, ऑडिटवालाही तेच म्हणतो. डिसेंबर २०२३ च्या नवीन शेड्यूल एम नंतर, म्हणजे औषध कसं बनवायचं त्याच्या सरकारी नियमांनंतर, तर हे छोट्या कंपन्यांनाही चुकणार नाही. तेव्हा कोर्स काढा, पण कोटीचं मशीन घेऊन फोटो काढायला नको.

जर्नल_तपासनीस
मीच तो सही करणारा. एका कॉलेजात मायक्रोला शिकवतो, सीएचबीवर, तासाप्रमाणे पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी. तुमचं म्हणणं बोचलं पण खोटं नाही. फक्त दुसरी बाजू ऐका. एका बॅचला २४ मुलं, ऑटोक्लेव्ह एक, त्याचं गॅस्केट गळतंय ते आम्ही टेफ्लॉन टेप लावून चालवतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर एक. तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये चोवीस जणांचं रीडिंग होतच नाही, मग चार जण घेतात आणि वीस जण लिहितात. परीक्षेला बाहेरचे येतात ते जर्नल पूर्ण आहे का बघतात, खरं आहे का ते कोण बघत नाही. ज्यानं खरं लिहिलं, माझा प्रयोग फसला म्हणून, त्याचे मार्क जातात. आम्हाला एका योजनेत पाच लिटरचा फर्मेंटर मिळालाय, तो प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये आहे, कारण त्याचा पीएचचा प्रोब कोरडा पडून गेला आणि नवीन घ्यायला खर्चाचं हेड नाही. उद्घाटनाची फीत मात्र अजून हँडलला आहे.

सडेतोड_सांगलीकर
बघा. आणि ह्याच्यावर कोर्स काढायचा म्हणताय. आधी प्रोब घ्या.

मळी_ते_मद्यार्क
राम राम. आमी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, फर्मेंटेशनला, २१ वर्षं. मळी पातळ करायची, यीस्ट सोडायचं, ३२-३३ डिग्रीला धरून ठेवायचं, वर गेलं की कूलिंगचं पाणी वाढवायचं, दीड दिवसात वॉश, म्हंजी आंबलेलं पाणी, तयार. लॅक्टोबॅसिलस नावाचा जंतू शिरला की आंबूस वास मारतो आणि अल्कोहोल घटतं, मला लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी वासावरनं कळतं. मग हे बायोटेक बायोटेक म्हणत्यात ते आमच्यापेक्षा काय येगळं हाय? कारखान्यांनी ह्या भागात पिढ्यानपिढ्या टाक्या सांभाळल्यात. पोरं कशाला पुण्यावरनं शिकायची, आमच्याकडं पाठवा.

शिफ्ट_सी
काका, टाकी तीच, यीस्ट तेच, बरोबर. फरक एवढाच की तुमच्याकडं थोडे जंतू आले तर अल्कोहोल एखादा टक्का कमी पडतं आणि शेवटी सगळं उकळून डिस्टिल होतं. आमच्याकडं औषध सुईनं रक्तात जाणार, उकळता येत नाही, प्रोटीन नासतं. अँटिबॉडीसाठी आम्ही वाढवतो ती प्राण्याची पेशी दिवसाला एकदा दुप्पट होते, बॅक्टेरिया वीस मिनिटांत. एक जरी आत गेला तरी दोन दिवसांत टाकी त्याची. वाफेनं १२१ डिग्रीला टाकी, पाइप, व्हॉल्व्ह सगळं निर्जंतुक केल्याशिवाय हात लावत नाही आम्ही. आणि वासावरनं कळलं हे बीएमआरमध्ये कुठल्या रकान्यात लिहू?

पण एक सांगतो. तुमच्यासारखा माणूस, ज्याला ॲजिटेटरचा, टाकी ढवळणाऱ्या पंख्याचा, आवाज बदललेला कळतो, तो मला एम.एस्सी.पेक्षा आधी पाहिजे. आवाज बदलला, अमुक वाजता, सुपरवायझरला सांगितलं, एवढं लिहायची सवय लावली की झालं.

मळी_ते_मद्यार्क
लिहायचं काय, लॉगबुक आमीबी लिवतो. आता ते कधी लिवतो ते इचारू नका.

मायक्रोवाली_मिरज
सगळे दादा-काका बोलून झाले असतील तर मी बोलते. मी असाच एक कोर्स केलाय, चार महिन्यांचा, पुण्यात, एका खासगी संस्थेत. फी ८५ हजार, आईनं पतपेढीतनं काढले. जाहिरातीत इंडस्ट्री पार्टनर म्हणून सहा कंपन्यांचे लोगो. पार्टनर म्हणजे काय तर एकदा बसनं प्लांट दाखवायला नेलं, काचेच्या अलीकडनं. पलीकडं पांढऱ्या कपड्यांतली माणसं हलताना दिसली, तेच आमचं इंडस्ट्रियल एक्सपोजर.

पुढं नोकरी लागली ती त्या सर्टिफिकेटवर नाही, ओळखीनं. तिथं गाऊनिंग, म्हणजे निर्जंतुक सूट घालायची पद्धत, शिकवलं ते मात्र कधी विसरणार नाही. बाकाच्या अलीकडं चप्पल, पाय उचलून पलीकडं, तिकडच्या जमिनीला इकडचा पाय लागला की परत पहिल्यापासनं. सूट घालताना बाही जमिनीला टेकवायची नाही, तो गोळा करून धरायचा, एका पायावर तोल सांभाळत. नथ, टिकली, काजळ, नेलपेंट काही नाही. मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर एक ताई दोन दिवस घरी विचारून आली. मग ग्लोव्हची पाची बोटं अगरच्या, जंतू वाढवायच्या, प्लेटवर टेकवायची, प्लेट इन्क्युबेटरला. जंतूंची एक कॉलनी आली तरी नापास. मी तीनदा नापास झाले. तिसऱ्यांदा का तर मास्क सारखा करायला नकळत हात वर गेला होता. तीन आठवडे गेले ह्यात, आणि ह्याला कुठलं कोटीचं मशीन लागलं? सूट, बाक, आरसा आणि प्लेटा. मिरजेत होऊ शकतं हे. मेडिकलचं गाव आहे, प्लेट लावणं इथल्या कुणालाही सांगायला नको.

पण सडेतोड दादांचा मुद्दा पैशाचा आहे तो मी सोडणार नाही. मुलीला पुण्यात ठेवायची म्हणजे हॉस्टेल, रात्रपाळीला गाडी. सरकार ॲप्रेंटिसच्या स्टायपेंडला हातभार लावतं, २०१६ ला योजना आली तेव्हा पाव हिस्सा, दीड हजारापर्यंत. दीड हजारात काय येतं. कोर्स काढणाऱ्यानं आधी राहायचं बोला, मग फर्मेंटर.

कोयनाकाठ
मॅडम, पटलं. मी मूळ पोस्टमध्ये हे धरलंच नव्हतं. म्हणजे प्लांटमधला निम्मा भाग नंतर आणि कमी, आधीचा सगळा इथंच. गाऊनिंग, लिहिणं, टाकी धुणं.

सडेतोड_सांगलीकर
आणि नोकरीचं काय? इथं सगळं शिकवाल, पोरगं आरशासमोर सूट घालून उभं, पुढं?

माझी अट सांगतो. कंपनीनं कोर्स सुरू व्हायच्या आधी लेखी द्यायचं की इतक्या जागा, इतका पगार, इतक्या दिवसांत. लेखी नसेल तर लोगो लावायचा नाही. आणि शिकवायला त्यांचा माणूस आठवड्यातनं एक दिवस इथं आला पाहिजे, पगारी. एवढं केलं तर मीच दारोदार फिरून पोरं गोळा करतो.

शिफ्ट_सी
जागांचं मी बोलू शकत नाही, मी एचआर नाही. आमच्याकडं कुठलीच भरती सहा महिने आधी कागदावर येत नाही, हेही खरंच सांगतो. एक दिवस यायचं म्हणाल तर माझं गावाला येणं दर पंधरवड्याला असतंच.

सडेतोड_सांगलीकर
म्हणजे भलेपणा तुमचा, फायदा कंपनीचा. मी हेच म्हणत होतो.

शिफ्ट_सी
असेल. पण रात्री तीनला माझ्या शेजारी उभा राहणारा धड असावा हा फायदा माझापण आहे.

जर्नल_तपासनीस
मी एक विचारू का? कोर्स, करार, जागा हे माझ्या हातात नाही. पण तिसऱ्या वर्षाची २४ मुलं माझ्या हातात आहेत. तुमच्या कंपनीचं काही नको, फक्त बीएमआर कसा असतो तसा कोरा नमुना तुम्ही हातानं आखून दिला तर मी यीस्ट ग्रोथ कर्व्हचं प्रॅक्टिकल त्यावर घेतो. सहा-सहाचे गट, दर अर्ध्या तासाला ओडी म्हणजे द्रावण किती गढूळ झालं त्याचा आकडा, वेळेलाच लिहायचं, दोन सह्या. ज्याचा कर्व्ह वाकडा आला पण नोंद खरी, त्याला पूर्ण मार्क. अंतर्गत मूल्यमापन आहे, तेवढा अधिकार मला आहे. आणि प्रॅक्टिकल आठ तास चालवायला लागेल म्हणजे प्राचार्यांची परवानगी आणि वॉचमनचा चहा.

मळी_ते_मद्यार्क
यीस्ट आमच्याकडनं न्या, फुकट. टाकीतलं ताजं.

शिफ्ट_सी
काका, नको, पाकिटातलंच बरं, तुमच्यात लॅक्टो असणार 😄 सर, नमुना आखून देतो, चार पानी. येत्या शनिवारी माझी सी शिफ्ट, रात्रपाळी, सुटली की सकाळी निघतो, दुपारी दोनला कॉलेजला येतो. व्हाइटनर मात्र आधीच काढून घ्या पोरांकडनं.

मायक्रोवाली_मिरज
बाहेरचं कुणी आलं तर चालेल का सर? माझी बहीण शेवटच्या वर्षाला आहे, दुसऱ्या कॉलेजात. मिरजेवरनं एसटीनं दोनपर्यंत पोचेल.

जर्नल_तपासनीस
येऊ दे. ॲप्रन आणि काळं बॉलपेन आणायला सांगा. पेन्सिल नको.